उचल्या

लक्ष्मण गायकवाड यांचे आत्मकथन. पहिली आवृत्ती १९८७, श्रीविद्या प्रकाशन, पुणे. साहित्य अकादमी पुरस्कार १९८८. चोरीवर पोट भरणाऱ्या, आणि पोलिसांच्या लेखी पिढीजात चोर असलेल्या घरातल्या मुलाचे बालपण, किशोरवय व तारुण्याचा आरंभ हा पुस्तकाचा विषय. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांच्यानंतरच्या आत्मकथनांच्या लाटेत त्याची गणना होते आणि ग्रंथालयात ते त्याच कपाटात असते. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार गुन्हेगार ठरवलेल्या घरातल्या पोराची गोष्ट म्हणून केला आहे. हुबळी-धारवाड परिसराचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे, म्हणून त्या भागाला येथे अधिक जागा दिली आहे.

कथाभाग

लेखकाचे गाव धनेगाव, जि. लातूर. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. समाज पाथरूट. हेच लोक ठिकाणपरत्वे टकारी, भामटा, उचल्या, गिरनेवडार, कामाटी, घंटीचोर अशा नावांनी ओळखले जातात. आजोबा लिंगप्पा हे पोलिसांच्या नोंदीतले चोर. त्यांच्या पायाला हजेरीचे बंधन होते, गाव सोडायचे तर परवानगी काढावी लागे. आई धोंडाबाई, वडील मार्तंड. वडिलांनी चोरीचा धंदा न करता शेतावर राखणीचे काम धरले आणि धाकट्या लक्ष्मणला शाळेत घातले.

शाळेचे प्रकरण हा पुस्तकाचा कणा आहे. वस्तीतले पोर पहिल्यांदाच पाटी घेऊन गेले आणि त्याच सुमारास वस्तीत हगवण-उलटीची साथ आली. जातीतल्या लोकांनी दोन्हींची सांगड घातली: हे पोर शाळेत जाते म्हणून आपली लेकरे आजारी पडतात, तेव्हा त्याला शाळेतून काढा. मार्तंडवर दबाव आला, तरी मुलाची शाळा सुटली नाही. याच वयात वस्तीतली इतर मुले दुसरे शिक्षण घेत होती. खिसा कसा कापायचा, बाजारात गाठोडे कसे उचलायचे आणि पोलिसांनी कितीही बडवले तरी तोंड कसे उघडायचे नाही, हे त्यांना शिकवले जाई. मार खाण्याची सवय व्हावी म्हणून घरचीच माणसे मुलांना मारत. पुढे लातूरची सूतगिरणी, कामगार संघटना, नोकरी जाणे, लग्न आणि भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतला प्रवेश अशी निवेदनाची वाट आहे. उत्तरार्धात कार्यकर्त्याचा आवाज चढतो आणि मुलाचा आवाज मागे पडतो. साहित्य म्हणून पूर्वार्ध निःसंशय सरस आहे.

विनोद

गुन्हेगार घरातल्या किशोराची गमतीदार कादंबरी हा प्रकार इंग्रजीत रुळलेला आहे. कॅनडात जन्मलेले लेखक गॉर्डन कॉर्मन यांची ‘सन ऑफ द मॉब’ (२००२) हे त्याचे ठळक उदाहरण. तिचा नायक विन्स लुका सतरा वर्षांचा आहे. बाप माफियाचा म्होरक्या, आणि मुलाचे प्रेम बसते ते एफबीआयच्या अधिकाऱ्याच्या मुलीवर. २००४ मध्ये तिचा पुढचा भागही आला. तिथले हसू एका सोयीवर उभे आहे: बापाने गुन्हा पत्करलेला आहे, घरात पैसा आहे आणि मुलाला नको म्हणता येते.

मराठीत या घाटाची कादंबरी रुजली नाही. मराठी किशोर-साहित्यातले लाडके नायक, ‘गोट्या’पासून ‘फास्टर फेणे’ आणि ‘बोक्या सातबंडे’पर्यंत, सगळे सुस्थित घरात वाढणारे. चोर त्यांच्या गोष्टीत बाहेरून येतो आणि शेवटी पकडला जातो. चोराच्या घरातून जग कसे दिसते, हे मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट दाखवले ते आत्मकथनांनी.

‘उचल्या’मध्ये विनोद आहे आणि त्याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. तो प्रसंगातून आपोआप येतो. पुस्तकातल्या मुलाला मोठ्यांचे सगळे बोलणे खरे वाटते. शाळेने रोगराई येते हे तो ऐकतो, घाबरतो आणि तरी शाळेत जातो. पांढरपेशा घरात पोर शाळा चुकवते म्हणून मार खाते, इथे शाळेत जाते म्हणून जात गोळा होते. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याला कळते की या मुलाचे बंड म्हणजे अंकलिपी शिकणे. कॉर्मनचा विन्स बापाच्या धंद्याला नाही म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे महाविद्यालयाचा रस्ता मोकळा असतो. लक्ष्मणने नाही म्हटले तरी पोलिसांच्या लेखी तो लिंगप्पाचा नातूच राहतो.

कायदा

‘गुन्हेगार जमाती’ ही कल्पना १८७१ च्या कायद्यातली. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखे त्याच्या कक्षेत आले, १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित केला गेला. नोंदलेल्या जमातीतील माणसाने हजेरी द्यायची, मुक्काम बदलताना कळवायचे, पासाशिवाय हलायचे नाही. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. त्यासाठी ‘मूल’ कोणाला म्हणायचे हे कायद्यानेच ठरवले होते: सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील. आज ज्या वयासाठी किशोर-कादंबऱ्या लिहिल्या जातात ते वय यात पूर्ण येते.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे राज्यांचे कायदे आले.

हुबळीची सेटलमेंट आणि धारवाड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात जाईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्याचा, पुढे मुंबई राज्याचा भाग होता. इलाख्यातील ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींचा, म्हणजे सेटलमेंटचा, कारभार धारवाडहून चाले. आय.सी.एस. अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांनी १९१० च्या सुमारास विजापूरला पहिली वसाहत उभी केली. पुढे वसाहतींचे प्रमुख अधिकारी म्हणून त्यांचे ठाणे धारवाडला होते. दलित व आदिवासींविषयीच्या १९२८ च्या ज्या समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट. मराठीत तिला ‘स्टार्ट कमिटी’ म्हणतात.

विजापूरमागून हुबळी, गदग, गोकाक फॉल्स, सोलापूर, बारामती अशा वसाहती झाल्या. जागा निवडताना हिशेब सरळ होता: जिथे गिरणी किंवा कारखाना, तिथे वसाहत. हुबळीत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना होता, सूतगिरण्या होत्या. गोकाकला धबधब्यावरची गिरणी, सोलापूरला तर गिरण्यांची रांगच. तारेच्या कुंपणातून माणसे सकाळी कामावर जात आणि संध्याकाळी हजेरीला परत येत. घंटीचोर, हरणशिकारी, कैकाडी-कोरवा अशा जमाती या वसाहतींत आणल्या गेल्या. ‘घंटीचोर’ हे नाव पाथरुटांच्या नावांच्या यादीत वर आलेच आहे. म्हणजे धनेगावचे लिंगप्पा आणि हुबळीच्या कुंपणातला माणूस एकाच गणगोतातले असू शकतात, मधे फक्त निजामाची हद्द.

वसाहतीत शाळा सक्तीची होती. धनेगावात शाळेची वाट जातीने अडवली, हुबळीत सरकारने मुलांना हात धरून वर्गात बसवले आणि त्याच हाताने बापाची हजेरी लिहिली. सुधारणा आणि कैद एकाच छपराखाली होत्या. वसाहतींमुळे काही कुटुंबांना कायमची मजुरी मिळाली, काहींची पुढची पिढी शिकली, हे मान्य करावे लागते. परंतु ‘सुधारणा’ हा शब्द ज्या सहजतेने तेव्हाच्या वार्षिक अहवालांत येतो, त्या सहजतेने तो आज वापरता येणार नाही. अहवाल कुंपणाबाहेरच्या माणसाने लिहिले. कुंपणाआतल्या मुलाला काय वाटत होते, हे कळायला ‘उचल्या’सारख्या पुस्तकाकडेच जावे लागते, मग ते हद्दीपलीकडच्या मुलखातले का असेना.

हुबळीत गंगाधरनगरच्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे नाव पुरते. पत्त्यात हे नाव लिहिताना तिथल्या तरुणांना नोकरीच्या अर्जापाशी काय वाटत असेल, याचा विचार शहराने करायला हवा.

धारवाडला आणखी एक संस्था होती. मुंबई इलाख्याचा बोर्स्टल शाळा कायदा १९२९ चा. त्याखालील इलाख्याची बोर्स्टल शाळा धारवाडला होती. शिक्षा झालेल्या पोरसवदा कैद्यांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे ठेवून कामधंदा शिकवणे हा तिचा हेतू. वसाहतीत मूल जन्माने येई, बोर्स्टलमध्ये स्वतःच्या गुन्ह्याने. हा फरक कागदावर स्पष्ट होता. पोलिसांच्या नजरेत तो किती टिकत असेल, हा प्रश्न ‘उचल्या’ वाचल्यावर पडतोच.

सीमाभागातील शेजारी पुस्तक

भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’. बेळगावजवळच्या यमनापूर गावचे लेखक, मातृभाषा कन्नड, लेखन मराठीत. गावात चोरी झाली की बेरड जमातीच्या वस्तीवर धाड, हे तिथलेही वास्तव. गस्ती पुढे उच्च शिक्षणासाठी मॉस्कोला गेले आणि परतून निपाणीत ‘उत्थान’ संस्थेमार्फत देवदासींच्या प्रश्नावर काम केले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. धारवाडच्या वाचकाने ‘उचल्या’आधी ‘बेरड’ वाचले तरी चालेल. भूगोल ओळखीचा आहे.

भाषा

बोली मराठवाडी. घरातली भाषा तेलुगूशी नाते सांगणारी, तिचे शब्द संवादांत येतात. वाक्ये छोटी, सजावट नाही.

किशोर वाचक

पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नाही. मारझोड, उपासमार आणि पोलिसी छळ यांची वर्णने उघडीवाघडी आहेत. तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पूर्वार्ध द्यावा, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे ठाम मत आहे. या वयाच्या वाचकाला जन्म आणि वाढ यांतली ओढाताण समजते, हे धारवाडकर जी. ए. कुलकर्णी यांनी ओळखले होते. कॉनराड रिक्टरच्या ज्या कादंबरीत रेड इंडियनांनी वाढवलेल्या गोऱ्या किशोराला बळजबरीने जन्मदात्यांकडे परत धाडले जाते, तिचा ‘रानातील प्रकाश’ हा अनुवाद त्यांचा. ती गोष्ट आणि लक्ष्मणची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचता येतील.

प्रभाव

विमुक्तांचा प्रश्न महाराष्ट्राबाहेर नेण्यात पुस्तकाचा वाटा मोठा. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी जो कृतिगट उभा राहिला, त्यात लेखिका महाश्वेता देवी आणि भाषाभ्यासक गणेश देवी यांच्याबरोबर गायकवाड होते. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी बुधन थिएटर सुरू केले. छारा जमातीवरही चोरीचाच शिक्का, आणि छारानगरही मूळचे सेटलमेंटच. चोर म्हणून हिणवलेल्या पोरांनी रंगमंचावर पोलिसाची भूमिका करणे हा त्या नाटकांचा गाभा, आणि त्यात हशाही असतो. गणेश देवी पुढे धारवाडला स्थायिक झाले. कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी तेथे हत्या झाल्यानंतर त्यांनी हे शहर निवडले.

विमुक्तांचा प्रश्न पुढे न्यायालयातही पोचला: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांत मोजणाऱ्या तरतुदींवरही त्या निकालात कठोर शब्द आहेत.

अनुवाद

इंग्रजी: ‘द ब्रँडेड’, अनुवाद पी. ए. कोल्हारकर, साहित्य अकादमी, १९९८.

लेखकाची अन्य पुस्तके

‘दुभंग’, ‘चिनी मातीतील दिवस’, ‘वडार वेदना’, ‘वकिल्या पारधी’.