आरसी बुकातलं दुसरं इंजिन

विठ्ठलवाडीला एसटी डेपोपासून थोड्या अंतरावर माझ्या मामूंचं बैठं घर. घरापुढे अंगण आणि अंगणात १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. १९९१ च्या उन्हाळ्यात त्या अंगणात तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं राहिलं. त्याला चेनपुली टांगली आणि पंचवीस वर्षं राबलेलं इंजिन बाहेर निघालं. दोनदा बोअर करून झालेला त्याचा ब्लॉक आता तडकला होता. त्याच्या जागी दुसऱ्याच गाडीचं, नव्या घडणीचं इंजिन चढवलं गेलं.

आज जुन्या गाडीत नवं इंजिन घालणं ही हौस समजली जाते. कुणाला ती कारागिरी वाटते, कुणाला विद्रूपीकरण. अमेरिकेत ही हौस जुनीच. १९५५ साली शेवरलेचं नवं व्ही-८ इंजिन आलं आणि तिथल्या तरुणांनी घरच्या गॅरेजमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांत ते बसवायला सुरुवात केली. त्यांना वेग हवा होता. आपल्याकडे मात्र हे काम गरजेपोटी सुरू झालं.

गरज कशी, ते पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी नोंदवली, की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी मरू द्यायची नाही, हाच संसारी माणसाचा नियम. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा ऐसपैस अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसू लागली. अँबॅसॅडरमध्ये कुणी मॅटाडोरचं इंजिन घातलं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या कितीतरी टॅक्सी अशाच पेट्रोलवरून डिझेलवर गेल्या. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यावर त्यांना सीएनजीची वाट धरावी लागली.

आणि हे फक्त गल्लीतले मिस्त्रीच करत होते असं नाही. खुद्द कंपन्यांनीही तेच केलं. महिंद्राच्या जीपमध्ये विलीजच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी पुढे प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. अँबॅसॅडरला १९९२ मध्ये इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन मिळालं. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात जपानी निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं आणि गाडीला नाव दिलं ११८ एनई. एनई म्हणजे निस्सान इंजिन!

मामूंच्या अंगणात आलं ते हेच इंजिन, अपघातात चेपलेल्या एका ११८ एनईमधून काढलेलं. हेच का, याला कारण आहे. जुन्या फियाटमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने उभं बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून लांब शाफ्ट मागच्या चाकांना फिरवतो. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं इंजिन आडवं आणि ते ओढतं पुढची चाकं. ते इथे उपयोगाचं नाही. म्हणून जाणकार मिस्त्री निस्सानचं, नाहीतर मारुती व्हॅनचं किंवा जिप्सीचं इंजिन शोधत.

इंजिन मिळालं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. त्याचे पाय चेसिसवर नेमके टेकावेत म्हणून नवी ब्रॅकेट्स कापावी लागली. शाफ्टची लांबी जुळेना. विठ्ठलवाडीला राहण्याचा फायदा इथे झाला. शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना. तिथे हात घडलेले टर्नर आसपासच राहत. त्यांच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी ओळखीच्या लेथवर शाफ्ट कापून, जोडून, तोलून दिला. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर गेला आणि जमिनीला भोक पाडून नवा गिअर वर आला. मुमानींना ते भोक कधीच आवडलं नाही. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली, पण ब्रेक जुनेच होते. त्यामुळे मामूंनी काटा साठच्या पुढे जाऊ दिला नाही.

मग कागदपत्रं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मान्यता लागत होती. मामूंनी इंजिनाची पावती जोडून अर्ज केला, गाडी नेऊन दाखवली आणि आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर शिक्क्यासह चढवून घेतला. २००० च्या दुरुस्तीनंतर हे कलम कडक झालं. इंधन बदलण्याच्या किटला अटींवर मुभा राहिली, पण कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. यामागची सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. साठचा काटा पाळणारे मामू सगळीकडे नसतात.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. गाडीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली हवीत आणि तिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मामू आता नाहीत. मामेभाऊ म्हणाला, ‘‘भंगारातून जुन्या फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन आणून बसवू या. गाडी पुन्हा ओरिजिनल होईल.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, ते इंजिन जुनं असेल, पण या गाडीचं नसेल. तिचं मूळ इंजिन तर मामूंनी कबाड्याला किलोवर दिलं. आपण मांडू तो देखावा होईल.’’ तो बराच वेळ गप्प बसला. निस्सानचं इंजिन अजून तिथेच आहे.

मला वाटतं, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. त्या बहुधा ज्यांना दुसरी गाडी परवडत होती, त्यांच्या घरी जपल्या गेल्या. ज्या घरात एकच गाडी होती, तिथे ती चालती ठेवायची तर तिचं काळीज बदलावं लागलं. तसं केलं नसतं, तर ती इंजिनासकट भंगारात गेली असती. तोही आपल्या गाड्यांचा इतिहास आहे आणि तो कुठल्या संग्रहालयात मांडलेला मी तरी पाहिला नाही.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घराघरांतल्या जुन्या गाड्याही जात आहेत. आपल्याकडची गाडी भंगारात द्यायची वेळ आली, तर जरूर द्या. पण तिच्या आरसी बुकाची एक झेरॉक्स काढून ठेवा. पहिला इंजिन नंबर खोडून खाली दुसरा लिहिलेला असेल, तर ती ओळ कुणीतरी अंगणात केलेल्या कामाची एकमेव नोंद असू शकते.