यमूला हरिभाऊंनी का रडवले?

कॉलेजात असताना ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून मी हरिभाऊ आपट्यांवर चिडलो होतो. यमूचा नवरा समजूतदार, मुंबईत दोघांचा संसार छान फुललेला. तो लेखकाने मोडला. नवरा गेला आणि यमूचे केस बळजबरीने उतरवले गेले. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता. मग यमूचे दुसरे लग्न का लावून दिले नाही?

कादंबरी क्रमशः छापणारे हरिभाऊंचे ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले १८९० साली. म्हणजे कायद्याला ३४ वर्षे झाली, तरी तो माजघरापर्यंत पोचला नव्हता. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले.

यमूचे लग्न लागले असते, तर वाचकाने समाधानाने अंक मिटला असता. हरिभाऊंनी आधी तिला सुख दिले, तिलाच आपली कहाणी सांगायला लावली. त्यामुळे ती वाचकाच्या घरातलीच झाली. मग तिचे दुःख परके कसे राहील?

मी ही तक्रार आजीपाशी केली होती. ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “आमच्या आत्याबाई अशाच होत्या रे. लाल आलवणात सारा जन्म गेला. त्यांना काय वाटतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.”

हरिभाऊंनी ते विचारले होते. माझा राग तिथेच विरला.