फवाऱ्याचा रंग



गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांच्या घरीं फराळास गेलों असतां दिवाणखान्यांतील मेजावर निळ्या गुलाबांचा गुच्छ ठेवलेला दिसला. गुलाबाला निळा रंग निसर्गानें दिलेला नाहीं, हें मला ठाऊक होतें. म्हणून पन्नास वर्षांच्या संवयीप्रमाणें मीं एक पाकळी बोटांनीं चोळून पाहिली, तों बोट निळें झालें. यजमानीणबाई हंसून म्हणाल्या, "गुरुजी, पांढरेच गुलाब आहेत ते. डब्यांतला रंग फवारलाय त्यांच्यावर." मीं बोट रुमालास पुसलें आणि चकली उचलली; परंतु विषय कांहीं डोक्यांतून गेला नाहीं. वस्तूस हात न लावतां, कुंचला न टेकवितां, नुसत्या वाऱ्याच्या साह्यानें तिच्यावर रंग बसविण्याची ही युक्ति मनुष्यास कधीं साधली, आणि तिची किंमत आजवर कोणीं दिली, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

युक्ति फार जुनी आहे, शेतीच्याही आधींची. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावर मारोस भागांतल्या एका गुहेंत भिंतीवर माणसाचा पंजा आहे. त्याला ठसा म्हणण्यापेक्षां छाया म्हणावी. कारण हात रंगांत बुडवून तो उठविलेला नाहीं. हात दगडावर टेकवून त्याच्या सभोंवतीं रंग फुंकला आहे, आणि हात उचलल्यावर मध्यें कोऱ्या दगडाचा पंजा राहिला आहे. त्यावर साचलेल्या चुन्याच्या पुटांचें वय मोजून संशोधकांनीं २०१४ सालीं जाहीर केलें कीं, हा पंजा निदान ३९,९०० वर्षांपूर्वींचा असला पाहिजे. फ्रान्समधील पेश-मेर्ल गुहेंतले ठिपक्यांचे घोडेही याच जातीचे. मिशेल लोर्ब्लांशे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनीं ते घोडे दुसऱ्या एका गुहेच्या भिंतीवर स्वतः पुन्हा काढून पाहिले. कोळशाची पूड तोंडांत घ्यावयाची, लाळेंत कालवावयाची आणि ओठांच्या फटींतून बारीक तुषारांनीं भिंतीवर सोडावयाची, असें करीत त्यांनीं तें काम बत्तीस तासांत पुरें केलें. प्राचीन चित्रकार वापरीत तो मँगेनीजचा काळा रंग त्यांनीं मुद्दाम टाळला, कारण तो विषारी. म्हणजे जगांतला पहिला फवारा माणसाचें तोंड, आणि पहिला धोकाही त्याच तोंडाला होता.

फुलांकडे वळावयाचें तर एकदम एकोणिसाव्या शतकांतील लंडनमध्यें यावें लागतें. त्या काळीं तिकडील स्त्रियांना टोपीवर आणि केसांत कापडाचीं कृत्रिम फुलें माळण्याची अतोनात हौस होती. अशा फुलांत फुलापेक्षां पानाचीच अडचण अधिक. कारण झळाळणारा आणि न विटणारा हिरवा रंग मिळणें कठीण. कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १७७५ सालीं तांबें आणि सोमल यांपासून एक हिरवा रंग सिद्ध केला, आणि १८१४ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें त्याहूनही तेजस्वी असा त्याचा धाकटा भाऊ निघाला. दिव्याच्या उजेडांत तो पाचूसारखा शोभे. पानांवर तो चढविण्यास अद्याप कोणतेंही यंत्र नव्हतें. पानें चिकट व ओलसर असतांनाच वरून हिरवी भुकटी भुरभुरावयाची व जास्तीची झटकून टाकावयाची, असें तें काम चाले. आणि झटकलेली भुकटी कोठें जाई, हें सांगावयास नकोच.

लंडनमधल्या अशा एका कारखान्यांत सुमारें शंभर कामगारांबरोबर माटिल्डा शोयरर नांवाची एक मुलगी पानांवर ही भुकटी भुरभुरीत असे. २० नोव्हेंबर १८६१ रोजीं ती वारली. तिचें वय १९ वर्षांचें होतें. अखेरच्या दुखण्यांत तिला हिरव्या पाण्याची वांति होत होती, डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा पडला होता, आणि जें जें पाहावें तें तें हिरवें दिसतें, असें तिनें डॉक्टरांस सांगितलें. शवपरीक्षेंत तिच्या पोटांत, यकृतांत आणि फुप्फुसांत सोमल सांपडला. पुढें आरोग्याचें कार्य करणाऱ्या स्त्रियांच्या एका मंडळानें अशा शिरोभूषणांतील पानें ऑगस्ट हॉफमन या नामांकित रसायनशास्त्रज्ञाकडे परीक्षेस दिलीं. त्याचें पत्र १ फेब्रुवारी १८६२ रोजीं लंडनच्या 'टाइम्स' मध्यें 'मृत्यूचें नृत्य' अशा अर्थाच्या मथळ्याखालीं छापून आलें. एका शिरोभूषणांत वीस माणसांचे प्राण घेण्याइतका सोमल असतो, असा त्याचा हिशेब होता. मथळा अर्थातच नाचाच्या दिवाणखान्यांत पानें माळून फिरणाऱ्या स्त्रियांना उद्देशून होता. पानें बनविणारी मुलगी त्या नाचांत कधीं गेलीच नसेल. परंतु मेली ती.

सोमलाची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतों. आपण मराठींत एखाद्या कामावर 'हरताळ फांसला' असें म्हणतों. पोथींतलें चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखनिक त्यावर हा पिवळा पदार्थ लावीत, त्यावरून तो वाक्प्रचार पडला. हा हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचेंच संयुग होय. मात्र आमचे लेखनिक तो ओला लावीत, भुरभुरीत नसत. कुळ तेंच, वाट निराळी.

आतां योगायोग पाहा. ज्या हॉफमननें तीं पानें तपासलीं, त्याच्याच विल्यम पर्किन या शिष्यानें १८५६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, क्विनीन बनविण्याची खटपट करतांना दगडी कोळशाच्या डांबरापासून एक जांभळा रंग काढला होता. त्यामागून त्या कुळांतले अनेक रंग निघाले. त्यांतील पुष्कळ पाण्यांत विरघळणारे असल्यामुळें फूल बाहेरून न रंगवितां आंतून रंगविणें शक्य झालें. पांढऱ्या फुलाचा देठ तिरका कापून रंगीत पाण्यांत ठेवावा; पाकळ्यांतून पाण्याची वाफ उडूं लागली कीं देठांतील सूक्ष्म नळ्यांतून खालचें पाणी वर ओढलें जातें आणि कांहीं तासांत आधीं शिरा व मग पाकळी रंगते. २० फेब्रुवारी १८९२ रोजीं लंडनमध्यें ऑस्कर वाइल्डच्या 'लेडी विंडरमियर्स फॅन' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हां त्याच्या मित्रमंडळींनीं कोटाला हिरवीं कार्नेशन फुलें लावलीं होतीं व सगळें गांव त्याचा अर्थ लावीत बसलें होतें. आपल्या फुलबाजारांत निशिगंधाच्या निळ्या-गुलाबी काड्या दिसतात, त्यांतील कित्येक याच रीतीनें रंगविलेल्या असतात. ही रीत मला सर्वांत सभ्य वाटते. फूल रंग पितें आणि दुसऱ्या कोणाच्या नाकांत कांहीं जात नाहीं. परंतु ती ताज्या आणि पांढऱ्या फुलालाच चालते. वाळलेलें बोंड किंवा कागदाचें कमळ पाणी कशाला पिईल?

तेव्हां कोरड्या वस्तूंसाठीं पुन्हां वाऱ्याकडेच यावें लागलें. मात्र हा वारा छातींतला नव्हे, यंत्रांतला. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत ॲबनर पीलर यानें १८७९ सालीं दाबलेल्या हवेनें रंग उडविणारें लहानसें यंत्र केलें, व १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यानें त्यास लेखणीप्रमाणें धरतां येईल असें रूप दिलें. तिकडे शिकागो शहरीं जोसेफ बिंक्स या कारागिरानें एका मोठ्या दुकानाच्या तळघराच्या भिंतींना पंपानें सफेदी फवारण्याची तजवीज केली होती. १८९३ सालीं त्याच शहरीं जागतिक प्रदर्शन भरलें. वेळ थोडा, भिंती अफाट. म्हणून रंगकामाचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनीं हवेच्या दाबानें पांढरा रंग फवारून ते प्रासाद उजळून काढले, आणि लोक त्या जागेस 'शुभ्र नगरी' म्हणूं लागले. या प्रदर्शनाच्याच निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत ११ सप्टेंबर रोजीं स्वामी विवेकानंदांनीं केलेलें भाषण आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण पाहुण्यांना संगमरवरी वाटणारे ते प्रासाद प्लॅस्टर आणि तागाच्या धाग्यांचे होते, व वरची शुभ्रता फवाऱ्याची होती, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

डब्यांतच वायु कोंडून त्याच्या जोरानें आंतला पदार्थ उडविण्याची कल्पना नॉर्वेमधील एरिक रोथाइम या एंजिनियराची. ती १९२६-२७ सालची. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन शेतकी खात्यांतील गुडह्यू आणि सलिव्हन या दोघांनीं सैनिकांना डासांपासून वांचविण्यासाठीं कीटकनाशकाचा तसा डबा केला, आणि १९४९ सालीं रॉबर्ट ॲबप्लानाल्प यानें स्वस्त व न गळणारी तोटी शोधून काढली. त्याच वर्षीं सिकॅमोर नांवाच्या गांवीं एडवर्ड सीमोर हा रंगवाला आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना कसा दाखवावा, या विवंचनेंत होता. डासांच्या औषधासारखा डब्यांत भरून दाखवा, असें त्याच्या पत्नीनें, बॉनीबाईंनीं, सुचविलें म्हणतात. झालें! गिऱ्हाइकांना रंगापेक्षां डबाच अधिक आवडला. डब्यांत दाबाखालीं द्रवरूप झालेला वायु असतो. बोंडी दाबतांच तो उकळून रंगाला बाहेर ढकलतो. म्हणूनच फवारतां फवारतां डबा हाताला गार लागतो. हलवितांना खुळखुळते ती गोळी तळाशीं बसलेला रंग ढवळण्यासाठीं असते.

हा वायु प्रथम बहुधा क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचा असे. शीतयंत्रांसाठीं तो पुढें आणणाऱ्या टॉमस मिज्ली यानें १९३० सालीं विद्वानांच्या सभेंत तो छातींत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. हेतु हा कीं, तो विषारीही नाहीं व ज्वालाग्राहीही नाहीं, हें सर्वांनीं पाहावें. पाहिलें तें खरेंच होतें. परंतु हा वायु आकाशांत फार उंच जाऊन ओझोनचें कवच खातो, हें १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखवून दिलें. अमेरिकेनें १९७८ सालीं बहुतेक डब्यांतून तो हद्दपार केला, १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें जगांतील राष्ट्रांनीं करार केला, आणि १९९५ सालीं त्या दोघांना पॉल क्रुटझेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. आतां डब्यांत बहुधा प्रोपेन-ब्यूटेन असतात. ओझोन वांचला, डबा मात्र पेट घेणारा झाला.

आतां माझी स्वतःची कथा सांगितली पाहिजे. ती सांगावयास मला संकोच वाटतो. मी शाळेंत विज्ञान शिकवीत होतों. एका वर्षीं स्नेहसंमेलनाच्या सजावटीसाठीं मुलांनीं थर्मोकोलचीं कमळें कातरलीं आणि वर्गणी काढून सोनेरी रंगाचे डबे आणले. पूर्वीं आम्ही अशा कामास बेगड चिकटवीत असूं. वाऱ्यानें रंग फुकट जाऊं नये म्हणून वर्गाचीं दारें-खिडक्या लावून घ्या, असें मींच सांगितलें. पहिलाच हात फिरला आणि पाकळ्या डोळ्यांदेखत खचूं लागल्या, त्यांना भोंकें पडलीं. त्या रंगांतील ॲसिटोन-टोल्यूईनसारखीं द्रावणें थर्मोकोल विरघळवितात, हें विज्ञानाच्या शिक्षकाला ठाऊक नव्हतें! मुलें हंसूं लागलीं, मीही हंसलों. तेवढ्यांत सातवींतला एक मुलगा भिंतीशीं बसला, डोकें गरगरतें म्हणाला, आणि त्याला उलटी झाली. त्याला उचलून पटांगणांत नेलें. अर्ध्या तासानें तो सावरला. त्याच्या नाकपुड्यांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. संध्याकाळीं त्याची आई शाळेंत आली. रागावली नाहीं. एवढेंच विचारलें, "गुरुजी, ह्याच्या नाकात सोनं कसं हो गेलं?" मला उत्तर देतां आलें नाहीं. माटिल्डाची हकीगत मीं त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं वाचली. आधीं वाचली असती तर दारें उघडीं ठेवलीं असतीं.

थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी आली, तेव्हां तो प्रश्न मिटला. फवाऱ्याचा मिटलेला नाहीं. पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्तींवर यंत्रानें रंग फवारला जातो, तेथेंही उडालेला रंग मूर्तीवरच बसतो असें नाहीं. घरीं हौसेनें फवारणाऱ्यांनीं डबा वीतभर अंतरावर धरावा, एकच जाड थर न देतां दोन-तीन पातळ हात द्यावे, वारा आपल्या पाठीकडून वाहील असें उभें राहावें, आणि जवळ दिवा किंवा उदबत्ती नसावी. ताज्या फुलांसाठीं निराळे सौम्य रंग मिळतात. लोखंडी फाटकाचा रंग पाकळीवर मारल्यास ती जळून काळी पडते. तोंडाला रुमाल बांधल्यानें रंगाचे कण थोडे अडतात, पण द्रावणाची वाफ अडत नाहीं.

त्या दिवशीं निघतांना यजमानीणबाईंना मीं विचारलेंच कीं, हे गुलाब आपण कोठें बसून फवारलेत?

"गच्चीवर," त्या म्हणाल्या. "आणि सुनेला खालीच ठेवलं. तिला दिवस गेलेत ना."