फरशीच्या पोटात

नवी फरशी बसली की पाहुणे तिचा रंग आणि चकाकी पाहतात. तिच्याखाली काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रूव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने मात्र आपल्या दहा खंडांच्या ग्रंथातील सातव्या खंडाचा आरंभच या प्रश्नाने केला.

जमीन घट्ट आहे का, हे आधी तपासा. भरावाची असेल तर ती ठोकून पक्की करा, असे तो बजावतो. मग मुठीएवढ्या दगडांचा थर. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना. मजुरांच्या टोळ्यांनी लाकडी धुमसांनी तो ठोकायचा. ठोकून झाल्यावरही जाडी पाऊण रोमन फूट भरली पाहिजे. त्यावर खापऱ्यांचा चुरा आणि चुना यांचा थर, सहा बोटे जाडीचा. एवढे झाल्यावर ओळंबा-पातळी पाहून रंगीत तुकडे बसवायचे. आपल्याकडचा चुन्याचा कोबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

माडीच्या लाकडी तक्तपोशीसाठी त्याचा इशारा वेगळा आहे. दोन जातींच्या ओक लाकडांच्या फळ्या मिसळू नका. एक जात ओल लागताच वाकते आणि वरची फरशी तडकते. चुन्याने लाकूड खराब होऊ नये, म्हणून मध्ये नेचे किंवा पेंढा पसरा.

आज चुन्याऐवजी सिमेंट आहे, पण नियम तोच. तडा फरशीवर दिसतो. त्याचे कारण बहुधा खाली असते.