वापरायची मुभा, वाटायची मुभा : लिनक्समधल्या जावाची गोष्ट

लिनक्सचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांची गोष्ट सांगतो. कोणी कर्नल लिहिलं, कोणी कंपायलर लिहिला. आज आपण वाटणाऱ्यांकडे बघणार आहोत. हजारो लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर गोळा करून, एकमेकांशी जुळवून, सीडीवर किंवा सर्व्हरवर ठेवणारे हे लोक. त्यांच्या कामाला आपण डिस्ट्रिब्युशन म्हणतो, म्हणजे अक्षरशः वाटप. आणि वाटप म्हटलं की पहिला प्रश्न येतो, माल कोणाचा?

इंग्रजीत 'फ्री' हा शब्द फार घोटाळा करतो. मराठीत आपली त्यातून सुटका आहे, कारण आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. सन मायक्रोसिस्टिम्सचा जावा १९९५पासून फुकट होता. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलं तो शिकत होती, सनच्या साइटवरून उतरवून घेत होती, कोणी पैसे मागत नव्हतं. पण तो मुक्त नव्हता. पंगतीला बसून पोटभर जेवा, पण डबा भरून शेजाऱ्याला नेऊन देऊ नका, असा तो प्रकार. वापरणाऱ्याला मुभा होती. तिसऱ्याच कोणी तो आपल्या लिनक्समध्ये घालून पुढे वाटायचा, तर सनच्या नेहमीच्या परवान्यात त्याची सोय नव्हती.

मग डेबियनच्या लोकांनी काय केलं? त्यांनी एक छोटं अवजार बनवलं. जावाची फाइल तुम्ही स्वतः सनकडून आणायची, आणि हे अवजार तुमच्याच मशीनवर तिचं डेबियन पॅकेज बांधून देणार. वाटप झालंच नाही, त्यामुळे परवानाही मोडला नाही. युक्ती चांगली होती, पण ती इंटरनेट असलेल्यांसाठी. त्या काळात आपल्याकडे बऱ्याच जणांचं लिनक्स मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून यायचं, किंवा कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट पाठवायची त्यातून. जे सीडीवर नाही, ते अशा माणसाच्या दृष्टीने जवळपास नाहीच.

दुसरी अडचण आणखी खोल होती. डेबियनने १९९७मध्ये समाजाशी एक करार जाहीर केला, त्याला सोशल कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. त्यानुसार मुख्य विभागात फक्त मुक्त सॉफ्टवेअर. जे मुक्त नाही, त्याला 'नॉन-फ्री' नावाचा वेगळा कोपरा. तो अधिकृत डेबियनचा भाग मानला जात नाही आणि अधिकृत सीडीवरही नसायचा. मधे 'कॉन्ट्रिब' नावाचं एक त्रिशंकूचं ठिकाण आहे. एखादा प्रोग्रॅम स्वतः मुक्त आहे, पण चालायला अमुक्त गोष्ट लागते, तर तो तिथे लटकतो. जावामध्ये लिहिलेले कितीतरी चांगले, मुक्त प्रोग्रॅम असे लटकले. रिचर्ड स्टॉलमन यांनी २००४मध्ये याला जावाचा सापळा म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी ओपनऑफिस २.० आलं, त्यातल्या डेटाबेसच्या भागाला जावा लागत होता, आणि हा सापळा केवळ तात्त्विक नाही हे सगळ्यांना दिसलं.

आता येऊ मे २००६कडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जावावन परिषदेत सनने लिनक्सवाल्यांसाठी नवा परवाना जाहीर केला. त्याचं लघुरूप डीएलजे. कोड मुक्त झाला नाही, पण डिस्ट्रिब्युशनांना जावा वाटायची परवानगी मिळाली. डेबियनच्या भांडाराची किल्ली सांभाळणाऱ्यांनी जावा लगेच नॉन-फ्रीमध्ये घेतला आणि वाद पेटला.

हा वाद कशावर होता, ते जरा सावकाश बघू. परवान्यात एक कलम असं होतं, की तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वापरामुळे किंवा वाटपामुळे कोणी तिसऱ्याने सनवर दावा लावला, तर सनच्या नुकसानीची भरपाई वाटणाऱ्याने करायची, वकिलाच्या फीसकट. काही अपवाद होते, पण कलम होतं. कंपनीला असं कलम पेलतं, तिच्याकडे कायदा विभाग असतो. डेबियन म्हणजे स्वयंसेवकांचा मेळा. त्याच्या वतीने सही कोणाची? डेबियनचा पैसा आणि मालमत्ता सांभाळणारी अमेरिकेतली एसपीआय ही संस्था आहे. आपल्याला न विचारता डेबियनमधलं कोणी आपल्याला अशा करारात बांधू शकतं का, असा प्रश्न तिच्याकडून आला. शिवाय जगभरातली विद्यापीठं डेबियनच्या प्रती आपल्या सर्व्हरवर ठेवतात. मग तीही वाटणारीच की नाही?

दुसरं कलम तर वाचून हसू येईल असं. जावासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडून हा जावा देऊ नये, अशा अर्थाचं. डेबियनमध्ये जीसीजे नावाचा मुक्त पर्याय आधीच होता! सनने प्रश्नोत्तरं प्रसिद्ध करून खुलासा केला, की तसा कडक अर्थ घेऊ नका. त्यावर टीकाकारांचा प्रश्न होता, की कोर्टात परवाना वाचतील की प्रश्नोत्तरं? सनच्या माणसांचा हेतू चांगला होता असं आमचं मत आहे. पण हेतू कंपनीबरोबर विकत घेता येत नाही, आणि कंपनी विकली जाऊ शकते. पुढे तेच झालं.

त्याआधी मात्र एक चांगली गोष्ट घडली. १३ नोव्हेंबर २००६ रोजी सनने जावा जीपीएलखाली मुक्त करायचं जाहीर केलं. २००७च्या मे महिन्यात ओपनजेडीके आला. त्यात थोडे भाग अजून बंद होते, कारण ते सनचे नव्हतेच, इतरांकडून परवान्यावर घेतलेले होते. अक्षरं रेखाटायचा भाग, ध्वनीचा काही भाग. म्हणजे वाटायचा हक्क नसणं ही अडचण खुद्द सनलाही आली! रेड हॅटने जूनमध्ये आइस्डटी हा प्रकल्प सुरू करून त्या जागा मुक्त कोडने भरल्या. जून २००८मध्ये फेडोरा ९मधली त्याची आवृत्ती जावाच्या अधिकृत चाचण्या उत्तीर्ण झाली. वाटणाऱ्यांच्या दृष्टीने खरी सुटका ही.

जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. ऑगस्ट २०११मध्ये तिने डीएलजे बंद केला. ओपनजेडीके आता आहेच, असं कारण दिलं. कारण चुकीचं नव्हतं. पण तोवर उबुंटूच्या असंख्य मशीनवर सनचा जावा ६ बसलेला होता. जुनी आवृत्ती वाटायला हरकत नव्हती, पण तिच्यात सुरक्षेची भगदाडं सापडत होती. ती बुजवलेली नवी आवृत्ती वाटायची परवानगी नव्हती. म्हणजे जे वाटता येतं ते धोक्याचं, आणि जे सुरक्षित आहे ते वाटता येत नाही. डिसेंबर २०११मध्ये कॅनॉनिकलने जाहीर केलं, की ब्राउझरमधलं जावाचं प्लगइन बंद करतोय, आणि पुढे रिकामी पॅकेजं पाठवून हा जावा लोकांच्या मशीनवरून काढणार आहोत. ओपनजेडीकेकडे वळा, असा सल्ला दिला. अपडेट म्हणून आलेलं पॅकेज रिकामं! ज्यांनी मे २००६मध्ये डेबियनच्या घाईवर टीका केली होती, त्यांनी नेमका हाच प्रसंग सांगितला होता असं नाही. पण परवानगी कोणाच्या हातात राहते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

नॉन-फ्रीचा कोपरा मात्र डेबियनने मिटवला नाही. तसा प्रस्ताव २००४च्या मतदानात पडला होता. २०२२मध्ये वेगळाच प्रश्न आला. वायफायची आणि ग्राफिक्सची कार्डं बंद फर्मवेअरशिवाय नीट चालेनात. इथे बऱ्याच निर्मात्यांची वाटायला हरकत नव्हती. आडवा येत होता तो डेबियनचा स्वतःचाच करार. तो बदलायला तीनास एक असं बहुमत लागतं, आणि ते मिळालं. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर आहे, भांडारात त्याचा वेगळा विभागही आहे. ओरॅकलचा जावा त्यात कुठेच नाही. मुख्य विभागात ओपनजेडीके १७ आहे, आणि जावात लिहिलेले मुक्त प्रोग्रॅम त्याच्या शेजारीच बसलेत.