पहिल्या भेटीत बोलायचं कोणी?

मन बरं नाही म्हणून पहिल्यांदाच डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं, तर आधी काय तयारी करावी? प्रश्न साधा वाटतो. पण अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत तो विचारला जाऊ लागला अगदी अलीकडे. त्याआधी तयारी व्हायची ती कागदपत्रांची, आणि करायचे इतर लोक.

वऱ्हाडाला सर्वांत जवळचं सरकारी मनोरुग्णालय नागपूरचं. ते 1864 सालचं आहे. अकोला-बडनेऱ्यावरून येणारी रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये, म्हणजे रुग्णालय रेल्वेहूनही जुनं! तिथे माणूस कसा पोचायचा? इंग्रजांनी 1912 साली केलेल्या कायद्यात सर्वसाधारण रीत अशी होती : नातेवाइकानं अर्ज करायचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेटनं हुकूम द्यायचा. भटकणाऱ्या माणसाला पोलीसही उचलून हजर करत. स्वतःहून दाखल होण्याची तरतूद होती, पण मुख्य वाट हुकमाचीच. आपल्याला काय होतंय हे सांगण्याचं काम रोग्याकडे जवळजवळ नव्हतंच. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला. त्याची जागा घेणारा 1987 चा कायदा अंमलात आला 1993 मध्ये.

दरम्यान 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 1996 साली त्याचा जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. उपचार रुग्णालयाच्या भिंतींबाहेर न्यावेत, ही त्यामागची कल्पना. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या वऱ्हाडात तिची निकड सगळ्यांनाच दिसत होती.

‘संगाथ’ या संस्थेनं अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम चालवला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायचं, धीर द्यायचा आणि गरज पडल्यास पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी सुरुवातीला 4.3 टक्के लोकच मदत घेत होते. 18 महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27.2 टक्के झालं. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी उपक्रम नसलेली गावं अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळा बदल उपक्रमामुळेच झाला असं म्हणता येत नाही. तरी दार जवळ आलं की माणसं ते ठोठावतात, असं मानायला जागा आहे. राज्य शासनानंही 2015 मध्ये अमरावती, अकोल्यासह 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्ती घरी येऊन विचारपूस करते.

आता बोलायचं असतं ते ज्याचं त्यानंच. म्हणून तयारीही शब्दांची. ‘नैराश्य’ हा शब्द माहीत असायला हवा असं मुळीच नाही. ‘टेन्शन आलं’, ‘जीव घाबरते’, ‘कामात मन लागत नाही’ हे पुरेसं आहे. मात्र हे किती दिवसांपासून, ते आठवून ठेवावं. नैराश्याचं निदान करताना लक्षणं किमान दोन आठवडे टिकली आहेत का, हे पाहिलं जातं. झोप, भूक, कामातला बदल, चालू असलेली औषधं, जुने आजार, दारू-तंबाखू यांची नोंद एका चिठ्ठीवर करावी. थायरॉइडच्या विकारात किंवा रक्त कमी असतानाही थकवा आणि उदासी येऊ शकते, त्यामुळे आधीच्या तपासण्यांचे कागद न्यावेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ते लपवू नयेत. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेपेक्षा मदतीची गरज आहे, ही भूमिका 2017 च्या कायद्यानं घेतली आहे. माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्कही त्यानं दिला. सोबत कुणी आलं असेल तरी थोडा वेळ एकट्यानं बोलू द्या, असं सांगता येतं.

शिक्षकांचा संबंध इथेच येतो. एखादा विद्यार्थी किंवा पालक पहिल्यांदा आपल्यापाशीच बोलतो. आपण निदान करायचं नाही, शिक्षक-खोलीत चर्चाही करायची नाही. त्याचे शब्द त्यालाच कागदावर उतरवू द्यावेत आणि 14416 हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक द्यावा. 2022 पासून तो चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला तर मात्र त्याला एकटं न सोडता घरच्यांना कळवावं आणि लगेच दवाखान्यात न्यावं.