वेठीचा कागद व मुक्तीचा कागद

कागद नाहीं तर इतिहास नाहीं, हा संशोधकांचा दंडक. महजर, निवाडे, कतबे व कर्जरोखे यांची शहानिशा करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस तो निराळा सांगावयास नको. परंतु ज्याचेपाशीं कागदच नाहीं त्यानें न्याय कशाच्या आधारें मागावा, व त्याचा इतिहास कशावरून लिहावा? जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टींतील स्थलांतरित कुटुंबांच्या संबंधानें या प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे.

जव्हार हें मुकण्यांचें संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत आलें. १ ऑगस्ट २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. साखरशेत हें याच टापूंतील गांव. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी ही या पट्टींतील वस्ती. नाचणी-वरईचें पीक वर्षभर पुरत नाहीं. सबब दिवाळी झाली म्हणजे येथील अनेक बिऱ्हाडें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर उतरतात. निघण्यापूर्वीं मालकाची उचल घेतलेली असते. नवरा, बायको व हाताशीं आलेलीं पोरें मिळून विटा पाडतात. खर्चीपुरते पैसे मिळतात. हिशेब पावसाळ्याच्या तोंडीं होतो. वही मालकाची, अक्षरही मालकाचें. बाकी निघाली कीं पुढील सालीं तेंच कुटुंब त्याच भट्टीस बांधलें जातें.

ही रीत जुनीच आहे. सिमिंग्टन यांनीं १९३८ सालीं मुंबई प्रांतांतील आदिवासींविषयीं अहवाल लिहिला, त्यांत लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं राबणाऱ्या लग्नगड्यांची हकीकत आहे. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं वेठ नाकारली. पुढें संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदानें ती निषिद्ध झाली. तथापि उचलीच्या रूपानें ती मागें राहिली.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमांतील दोन कलमें आमच्या विषयास महत्त्वाचीं आहेत. कलम १५ अन्वयें, कर्ज वेठबिगारीचें आहे असें मजुरानें म्हटलें, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो. म्हणजे निरक्षराच्या तोंडच्या शब्दाला उत्तर देण्याची पाळी वहीवाल्यावर आली. कलम १४ अन्वयें, मुक्त मजुरावर वा त्याच्या कुटुंबीयांवर अशा कर्जाचा दावा झाल्यास दक्षता समितीनें तो लढवावा. त्यासाठीं समितीला आपला एक सभासद नेमतां येतो. जिल्हा समितींत जिल्ह्यांतील दोन समाजसेवक घ्यावयाचे असतात; अर्थात् वकिलीची सनद नसलेल्या मनुष्यासही गरिबाच्या बाजूनें उभें राहतां येतें. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तर फरीदाबादच्या खाणमजुरांविषयींचें एक साधें पत्रच अर्ज मानून निवाडा दिला.

ठाणें जिल्ह्यांत हा कायदा कागदावरून माणसांत आणण्याचें काम विवेक व विद्युल्लता पंडित यांनीं केलें. १९७९ सालीं विधायक संसद व १९८२ सालीं श्रमजीवी संघटना निघाली. वेठबिगारांना मुक्त करण्याबद्दल १९९९ सालीं उभयतांस गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भट्टीवरील मजुरांच्या झोपडीस भोंगा म्हणतात. त्यावरून विधायक संसदेनें तेथील मुलांसाठीं चालविलेल्या शाळांस भोंगाशाळा हें नांव पडलें. अनुसूचित जमाती, स्त्रिया, बालकें व वेठीला बळी पडलेल्यांस मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमांत आहे. परंतु भट्टीवरून कचेरीपर्यंत हात धरून नेणारा कोणी नसेल, तर ती ग्रंथांतच राहते.

आतां संग्राहकांस एक विनंती. सावकारी दप्तरांतील खतें आपण जपून ठेवितों. त्यांतील बाकी मात्र बहुधा जशीच्या तशी खरी धरितों. ज्या वहीची सत्यता सिद्ध करण्याचा भार कायद्यानें मालकावर टाकला, ती वही संशोधकानें निमूटपणें प्रमाण मानूं नये. तिच्या शेजारीं दुसरा कागद ठेवावा: मजुरानें सांगितलेला व स्वयंसेवकानें लिहून घेतलेला जबाब, आणि मुक्तीचा दाखला. हे कागद गवताच्या छपराखालीं फार दिवस टिकत नाहींत. नांवें झांकून त्यांच्या नकला आजच करून ठेविल्या, तरच या लोकांचा इतिहास त्यांच्या धन्याच्या अक्षरांतून लिहिण्याची पाळी पुढील संशोधकांवर येणार नाहीं.